एअर सस्पेन्शन काढून कॉइल बसवले आणि टायर घासायला लागला? आधी घासणारा भाग ओळखा

गाडी मर्सिडीजची एस-क्लास, डब्ल्यू २२१ बॉडी, डिझेल, सेकंडहँड घेतलेली. २००५ ते २०१३ या काळातली ही पिढी. तिचं एअरमॅटिक (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारं) सस्पेन्शन ज्यांनी वापरलंय त्यांना पुढची कथा सांगायची गरज नाही: सकाळी पार्किंगमध्ये गेलो की पुढचा डावा कोपरा बसलेला. गाडी चालू केली की कॉम्प्रेसर घरघरत तिला उचलायचा. गळती असताना तो सतत चालत राहतो आणि शेवटी स्वतःच जळतो. माझाही जळला, ऐन जुलैमध्ये. नवे एअर स्ट्रट (चाकाजवळचे हवेचे खांब) आणि कॉम्प्रेसर यांचा आकडा ऐकून मी कॉइल स्प्रिंगचं किट बसवायचं ठरवलं. तो निर्णय बरोबर होता की चूक हा वाद इथे नको. कॉइल बसल्यावर टायरनं मला सात महिने जो त्रास दिला त्याबद्दल लिहितोय, कारण त्यातले निम्मे महिने मी चुकीच्या जागी पैसे ओतत होतो.

तक्रारी आल्या त्या अशा. स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात चाक गेलं की पुढून ‘खर्र’. मग पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या खांद्यावर चकचकीत गोल पट्टा उमटलेला दिसला. मग साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात मागे बसलेली आई म्हणाली, “अरे, खालून काहीतरी फाटतंय की काय?” आणि सहा हजार किलोमीटरमध्ये पुढच्या टायरची आतली कड जवळजवळ गुळगुळीत.

चार तक्रारी, आणि प्रत्येकीवर वेगळा माणूस वेगळा उपाय सांगत होता. टायरवाला म्हणाला टायर बारीक करा. गॅरेजवाला म्हणाला स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी उचलू. अलाइनमेंटवाला म्हणाला, “साहेब, कॉइलवर असंच होतं.” तिघांचंही ऐकलं आणि तिन्ही वेळा घासणं एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसलं.

शेवटी एका रविवारी जॅक, टॉर्च आणि खडू घेऊन मी स्वतःच गाडीखाली गेलो, आणि तेव्हा जे डोक्यात शिरलं ते आधी सांगतो. टायर ज्या भागाला घासतोय तो भाग चाकाबरोबर वर-खाली होतो की बॉडीला पक्का आहे, हे पहिल्यांदा ठरवायचं. स्ट्रटचा खालचा भाग आणि त्यावरची स्प्रिंगची वाटी, आर्म, टाय रॉड हे सगळे चाकाबरोबर हलतात. फेंडर, फेंडरची दुमडलेली कड, आतलं प्लॅस्टिकचं लायनर आणि चासी हे बॉडीचे भाग. टायर वाटीला घासत असेल तर गाडी दोन इंच उचलली तरी ते अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, कारण वाटीही चाकाबरोबरच जाते. तिथे दोष टायरच्या किंवा रिमच्या मापाचा. टायर लायनरला किंवा फेंडरला घासत असेल तर आधी उंची तपासायची, मग रिमचा ऑफसेट (रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा). मी नेमकं उलटं केलं होतं: वाटीला घासणाऱ्या टायरसाठी बफर घालून गाडी उचलली आणि फेंडरला घासणाऱ्या टायरसाठी टायर बदलायला निघालो.

कुठे घासतंय ते नक्की करणं

आवाजावरून ठरवू नका. गाडीच्या पोकळीत आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो. टायरच्या दोन्ही खांद्यांना आणि लायनरच्या आतल्या बाजूला पांढरा खडू जाड फासा, सोसायटीत पूर्ण वळण घेऊन दोन-तीन गतिरोधक ओलांडा आणि कुठला खडू पुसला ते बघा. पाऊस नसेल तेव्हा करा, एवढं सांगायला नको.

स्प्रिंगच्या वाटीजवळची फट मोजायला मी कणकेचा गोळा वापरला. हसू नका. चाक काढून वाटीच्या खालच्या बाजूला कणीक चिकटवली, चाक लावलं, गाडी चार पावलं पुढे-मागे घेतली, चाक परत काढलं आणि चेपलेल्या कणकेची जाडी मोजली. उजवीकडे ३ मिमी, डावीकडे जवळपास काहीच नाही. वळणावर टायरची भिंत दबते आणि आडवी सरकते, त्यामुळे उभ्या गाडीत ३ मिमी म्हणजे धावत्या गाडीत शून्य. माझ्या मते तिथे सहा-सात मिलिमीटरपेक्षा कमी फट असेल तर ती गाडी हायवेला नेऊ नये. बाहेरच्या खांद्याचं घासणं त्रासदायक असतं. आतल्या भिंतीवरचं घासणं धोक्याचं, कारण चाक न काढता ते दिसत नाही आणि टायर फुटतो तो तिथूनच.

टायरचं माप: माझ्याकडे आधीपासूनच चूक होती

या गाडीला १९ इंची चाकं असतील तर कंपनीचं माप पुढे २५५/४० आर १९ आणि मागे २७५/४० आर १९. माझ्याकडे पुढे २५५/४५ आर १९ होते. आधीच्या मालकानं ‘आपल्या रस्त्यांना जाड टायर बरा’ म्हणून टाकलेले. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. हिशेब करा: ४० च्या टायरची भिंत २५५ मिमी रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे १०२ मिमी. ४५ च्या टायरची ११४.७५. त्रिज्येत पावणेतेरा मिलिमीटरची वाढ, व्यासात साडेपंचवीस.

मग एअरमॅटिकवर हे टायर घासत का नव्हते? मूळ स्ट्रटवर टायरजवळच्या पट्ट्यात काहीच बाहेर येत नव्हतं. माझ्या किटच्या कॉइल स्ट्रटवर मात्र तिथेच स्प्रिंगची रुंद वाटी येते, टायरच्या खांद्याच्या अगदी वर. ४० चा टायर तिच्याखालून निघतो, ४५ चा निघत नाही. सगळ्या किटमध्ये वाटीची जागा सारखी नसते, म्हणून किट घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: वाटी टायरच्या वर येते की बाजूला?

मधल्या काळात गॅरेजनं यावर काढलेला तोडगा म्हणजे पुढच्या चाकांना ५ मिमीचा स्पेसर (चाक आणि हब यांच्यामध्ये घालायची चकती). वाटीपासून टायर सुटला खरा, पण बाहेर सरकल्यामुळे पूर्ण वळणावर लायनरच्या पुढच्या कोपऱ्याला लागायला लागला. शिवाय मर्सिडीजला चाक नटनं नव्हे, बोल्टनं बसतं. ५ मिमीचा स्पेसर घातला की बोल्टची पकड तेवढीच कमी होते, आणि त्या गॅरेजनं बोल्ट जुनेच लावले होते. हे नंतर कळलं आणि पोटात गोळा आला. स्पेसर लावायचाच असेल तर त्याच्या जाडीइतके लांब बोल्ट आणि मधलं भोक हबवर घट्ट बसणारं (या गाडीला ६६.६ मिमी) हवं. मी तो काढूनच टाकला.

टायरवाल्याचा बारीक टायरचा सल्ला सरसकट चुकीचा नव्हता, फक्त त्यात एक सापळा आहे: लोड इंडेक्स. टायरवर मापानंतर येणारा तो दोन-तीन आकडी अंक. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ९८ म्हणजे ७५०, ९४ म्हणजे ६७०. २४५/४० आर १९ हे माप साध्या आणि जास्त क्षमतेच्या अशा दोन प्रकारांत येतं आणि दुकानात जे शिल्लक असेल ते पुढे केलं जातं. एस-क्लाससारख्या जड गाडीला मूळ टायरपेक्षा कमी अंकाचा टायर घालू नका, कितीही छान सुटत असला तरी.

मूळ मापाचे २५५/४० घातल्यावर कणीक ११ मिमी जाडीची निघाली. आतला चकचकीत पट्टा पुन्हा कधी दिसला नाही. सात महिन्यांचं एक दुखणं चार तासांत गेलं. ते चार तासही टायरच्या दुकानातल्या रांगेसकट.

उंची: इथे खरा वेळ गेला

एअर सस्पेन्शनमध्ये उंची ठरवतो संगणक. गाडीत एक बसो की पाच, लेव्हल सेन्सर सांगतो आणि हवा भरली किंवा सोडली जाते. कॉइलवर उंची ही वजनातून आपोआप निघते. किट बनवणारा एकाच स्प्रिंगवर वेगवेगळ्या इंजिनांच्या गाड्या भागवतो. काही हलक्या, काही पुढून जड. तुमची गाडी त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला आहे ते बसवल्यावरच कळतं.

मोजायचं कसं? जमिनीपासून फेंडरपर्यंत नाही. त्यात टायरचा व्यास आणि हवा दोन्ही मिसळतात, आणि मी तर टायरच बदलले होते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा, चारही कोपरे, सपाट जागी, गाडी थोडी पुढे-मागे घेऊन आणि दोन-तीनदा दाबून मोकळी केल्यावर. हे आकडे हवेचे स्ट्रट काढण्याआधी, एअरमॅटिक धडपणे उभं असताना घ्यायचे असतात. मी घेतले नव्हते. नशिबानं एका मित्राकडे तीच पिढी, तेच इंजिन आणि चालू एअरमॅटिक आहे. त्याच्या दारात मेजर टेप घेऊन गेलो आणि चहाच्या बदल्यात चार आकडे घेऊन आलो.

तुलना केली तर माझी गाडी पुढे दोन्हीकडे १६ मिमी खाली, मागे डावीकडे ४ मिमी वर आणि मागे उजवीकडे तब्बल १५ मिमी वर. ‘कॉइलवर असंच होतं’ हे उत्तर इथेच बाद झालं. स्प्रिंगच्या स्वभावामुळे एकाच एक्सलवर डाव्या-उजव्यात ११ मिमीचा फरक पडत नाही. तो बसवण्यातला दोष.

मागच्या उजव्या बाजूला दोन दोष निघाले. स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या थांब्याला टेकायच्या ऐवजी त्या उंचवट्यावर चढून बसलं होतं. आणि दुसरा दोष, जो जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये घडतो: आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबती असताना आवळले होते. रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते पीळ खातं आणि चाकाला खाली ढकलत राहतं, म्हणून तो कोपरा वर उभा राहतो. काही महिन्यांत बुश फाटतं, कोपरा खाली येतो आणि आपण म्हणतो स्प्रिंग बसली. बरोबर पद्धत अशी की बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची (किंवा आर्मखाली जॅक देऊन चालण्याच्या उंचीला आणायची) आणि मग कंपनीच्या टॉर्कला आवळायचे. फिटरला मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, “दादा, खाली हात कुठे शिरतो?” शिरतो. खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये जा, लिफ्टवाल्या नको.

स्प्रिंग नीट बसवून चारही बाजूंचे बुश सैल करून पुन्हा आवळल्यावर मागचे दोन्ही कोपरे एकमेकांपासून २ मिमीच्या आत आले. हातात पाना आणि एक दुपार, बाकी खर्च नाही.

पुढचे १६ मिमी मात्र स्प्रिंगचेच होते. इथे आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर. दुकानात पन्नास प्रकारचे मिळतात आणि ग्राउंड क्लिअरन्स वाढल्याचं समाधानही मिळतं. मला ते पटत नाहीत. दोन वेटोळी जखडली की तेवढी स्प्रिंग काम करायची थांबते, बाकीच्यांवर ताण वाढतो आणि गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटते. त्याऐवजी स्प्रिंग आणि वरच्या बैठकीमध्ये जाड रबरी पॅड घातली. जुन्या कॉइलवाल्या मर्सिडीजमध्ये उंची जुळवायला कंपनी हेच करायची. वेगवेगळ्या जाडीच्या पॅड आणि ओळखायला त्यांच्यावर एक ते चार टेंगळं. माझ्याकडे ८ मिमीनं जाड पॅड घातली तर कमानीजवळ ११ मिमी मिळाले, कारण स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापेक्षा आत बसतो आणि तिथला थोडा फरक चाकाजवळ मोठा होतो. उरलेल्या ५ मिमीचा मी नाद सोडला. हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग ती दाबणाऱ्या अवजारातून निसटली तर हात तरी जातो नाही तर जबडा.

किट नवीन असेल तर पहिले काही शे किलोमीटर स्प्रिंग आणि रबर थोडे बसतात. पॅड आणि अलाइनमेंटची घाई त्याआधी करू नका.

मागचं घासणं: पाच माणसं आणि डिकी भरलेली

रिकाम्या गाडीत मागे कधीच काही लागलं नाही, म्हणून गॅरेजमध्ये ते कुणाला सापडेना. साताऱ्याला जाताना मागे तिघं, डिकीत बॅगा आणि आंब्याची पेटी. एअरमॅटिक असतं तर त्यानं हवा भरून मागचा भाग पुन्हा जागेवर आणला असता. कॉइल तसं करत नाही. अंदाजासाठी एक आकडेमोड: मागच्या चाकाजवळ स्प्रिंग मिलिमीटरला ३० न्यूटन (म्हणजे एक मिमी दाबायला लागणारा जोर) धरली आणि मागच्या एक्सलवर २०० किलो वाढले, तर प्रत्येक बाजूला १०० किलो म्हणजे ९८१ न्यूटन. भागाकार ३३ मिमी. गाडी खड्ड्यात जायच्या आधीच सव्वा इंच खाली.

तरीही कंपनीच्या चाकांवर एवढ्यानं फेंडरला लागायला नको होतं. चाक काढलं तर मागे १५ मिमीचा स्पेसर! आधीच्या मालकाला चाकं फेंडरच्या रेषेत दिसायला हवी होती. एअरमॅटिकनं उंची धरून ठेवल्यामुळे त्याचं पाप झाकलं जात होतं. स्पेसर काढला, घासणं संपलं. तुम्ही रुंद अलॉय टाकले असतील तर हाच हिशेब ऑफसेटवर करा. ८.५ इंच रुंद आणि ४३ ऑफसेटच्या जागी ९.५ इंच आणि ३५ ऑफसेटचं रिम आलं तर ते आतल्या बाजूला सुमारे ५ मिमी आणि बाहेर जवळपास २१ मिमी जास्त येतं. एअरवर खपून जाईल, भरलेल्या कॉइलवर खपणार नाही.

एक गोष्ट मात्र बघाच: शॉकअपच्या दांड्यावर रबरी बंपस्टॉप आहे का. हवेच्या स्ट्रटमध्ये तो आतच असतो. कॉइलमध्ये वेगळा येतो आणि खोक्यातच राहू शकतो. तो नसेल तर चाक ठरल्यापेक्षा वर जातं आणि मग कुठलंही माप उपयोगाचं नाही. फेंडरची कड ठोकून आत दुमडणं हा उपाय मी टाळला. रंग तडकला की पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो.

आतली कड गुळगुळीत होणं

याला मी सहा महिने कॅम्बरचा (चाकाच्या उभ्या झुकावाचा) दोष समजत होतो. गाडी पुढे खाली बसली की चाकाचा माथा आत झुकतो हे खरं, पण नुसता कॅम्बर टायर हळूहळू खातो. भराभर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं, आणि उंची बदलली की टोही बदलतो. चाक दहा मिनिटं, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाइतकं, वाकडं असेल तर ते दर किलोमीटरला जवळपास तीन मीटर आडवं फरफटतं. ओळखायचं असं: टायरवरून हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो.

त्यामुळे अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मी ती उंची दुरुस्त व्हायच्या आधी तीनदा करून घेतली होती, तिन्ही वेळचे पैसे पाण्यात. चौथ्यांदा टाकी अर्धी, डिकीत नेहमीचं सामान, टायरमधली हवा डिझेल टाकीच्या झाकणाच्या आतल्या तक्त्याप्रमाणे, आणि कॉम्प्युटरवर मागच्या चाकांपासून सुरुवात. मागचा टो चुकलेला ठेवून पुढचा जुळवला तर स्टिअरिंग सरळ दिसतं आणि गाडी तिरकी चालते.

लेव्हल सेन्सरच्या छोट्या दांड्या काढून टाकू नका. हेडलाइटची उंची त्यांच्याच आकड्यावर जुळते, आणि दांडी लोंबती राहिली की प्रकाश एकतर समोरच्याच्या डोळ्यात, नाही तर स्वतःच्या बंपरसमोर. विमा कंपनीलाही सस्पेन्शन बदलल्याचं लेखी कळवा.

आता नऊ हजार किलोमीटर झालेत. आतली आणि बाहेरची कड खोलीमापकावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. परवा मात्र पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना पुन्हा तोच ‘खर्र’ ऐकू आला आणि काळजात धस्स झालं. खडू काढला, जॅक लावला. लायनरची एक क्लिप तुटून प्लॅस्टिक खाली लोंबत होतं. क्लिप वीस रुपयांची.